बी-२ च्या वर्गात बसलेली, पण बी-१ मध्ये ४९ मार्क: एका विद्यार्थिनीची केस

मी पार्ल्यात घरीच फ्रेंच शिकवते, बरीच वर्षं झाली. ही केस लिहून काढायचं बरेच दिवस मनात होतं, कारण नोकरी करता करता फ्रेंच शिकणारी मोठी माणसं माझ्याकडे येतात ती बहुतेक वेळा याच एका जागी, म्हणजे कागदावरची पातळी आणि खरी पातळी यांच्या मध्ये, अडकलेली असतात, आणि प्रत्येकाला वाटत असतं की आपलंच डोकं चालत नाहीये. जिची ही गोष्ट आहे तिची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. माझ्याकडे येणारी पोरं तिला ताई म्हणायची, म्हणून इथेही ताईच म्हणते.

पार्श्वभूमी

ताई बोरिवलीला राहते, ऑफिस लोअर परळला. काम अकाउंट्सचं, म्हणजे सप्लायरांची बिलं तपासायची, चुका काढायच्या, पेमेंटला लावायची. घरी नवरा, सहावीतला मुलगा आणि सासूबाई. वय ३६.

बारावीला तिला फ्रेंच होतं आणि १०० पैकी ९४ मिळाले होते. मुंबईत ज्यांनी ज्युनियर कॉलेजला फ्रेंच घेतलंय त्यांना वेगळं सांगायला नको, बहुतेक जण स्कोअरिंग म्हणून घेतात. ओरल असते पण ताईच्या बाबतीत तरी ती पाठ केलेल्या उत्तरांवर निघाली होती, माझं नाव अमुक, मला अमुक आवडतं, माझ्या घरात चार माणसं. क्रियापदांचे तक्ते मात्र तिचे पक्के होते, अजूनही आहेत, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पुढे सोळा वर्षं फ्रेंचशी काही संबंध नाही.

मग ऑफिसात फ्रान्स आणि बेल्जियमच्या क्लायंटसाठी वेगळी टीम उभी करायचं ठरलं आणि आतल्याच लोकांना अर्ज करायला सांगितलं. पगार बरा, कामाची वेळ दुपारची, आणि अट एकच, डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेची बी-२ पातळी (ए-१ सगळ्यात खालची, मग ए-२, बी-१, बी-२) किंवा त्याच्या बरोबरीचं काहीतरी. ताईने एका इन्स्टिट्यूटमध्ये नाव घातलं. त्यांनी प्लेसमेंट टेस्ट घेतली, ती पूर्ण लेखी, गाळलेल्या जागा आणि क्रियापदांची रूपं. ताईचे तक्ते पाठ होतेच. त्यांनी तिला सरळ ए-२ मध्ये टाकलं. ए-१ चे पैसे आणि वेळ वाचला म्हणून तिला आनंद झाला, आणि कोणालाही झालाच असता.

शनिवार-रविवारची ऑनलाइन बॅच होती. ए-२ चे दोन आणि बी-१ चे दोन भाग, प्रत्येकी ४० तास, असे १६० तास तिने १४ महिन्यांत एकही लेक्चर न चुकवता पूर्ण केले. प्रत्येक भागाच्या शेवटी परीक्षा व्हायची, पुस्तकातल्या धड्यांवर, त्यात तिला ८० च्या खाली कधी मिळालेच नाहीत. हातात ‘बी-१ पूर्ण’ असा कागद आला आणि बी-२ ची पहिली बॅच सुरू झाली. चौथ्या रविवारी टीचरने रेडिओवरची एक मुलाखत ऐकवली, वर्गातली बाकीची हसली आणि ताईला ते का हसले ते कळलं नाही. त्या आठवड्यात तिने मला फोन केला.

अडचण नेमकी काय होती

आधी या पातळ्यांबद्दल थोडं, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. ए-१ पासून सी-२ पर्यंतच्या सहा पातळ्या कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये छापल्या, आणि त्या फक्त फ्रेंचच्या नाहीत, जर्मन-स्पॅनिशलाही त्याच. प्रत्येक पातळीत तुम्ही काय करू शकता एवढंच सांगितलंय. बी-१ चा माणूस ओळखीच्या विषयावर, समोरचा स्पष्ट बोलत असेल तर मुख्य मुद्दा पकडतो आणि स्वतःचं मत थोडक्यात सांगतो. बी-२ वाला फ्रेंच माणसाशी बोलताना दोघांनाही फार ताण येत नाही, आणि तो आपली बाजू मांडून ती टिकवू शकतो. अमुक पुस्तक संपलं की अमुक पातळी आली असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

दुसरं म्हणजे या पायऱ्या एका उंचीच्या नाहीत. शून्यापासून धरले तर ए-१ ला साधारण ६० ते १०० तास लागतात, ए-२ पर्यंत १६० ते २००, बी-१ पर्यंत ३६० ते ४००, आणि बी-२ पर्यंत ५६० ते ६५०. म्हणजे ताईच्या नावावर बी-१ चा कागद होता आणि तास होते ए-२ चे. बारावीचे तास धरा हवं तर, पण ते तास कानाचे आणि तोंडाचे नव्हते.

मी तिला डेल्फच्या नमुना पेपरांवर बसवलं. डेल्फमध्ये ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग, प्रत्येकी २५ मार्क, पास व्हायला १०० पैकी ५० आणि शिवाय प्रत्येक भागात निदान ५ हवेत, एका भागात ४.५ पडले तर बाकी कितीही असोत, नापास. बी-२ च्या पेपरात तिला ऐकण्यात ४, वाचण्यात १३.५, लिहिण्यात ८, बोलण्यात ७ पडले. एकूण ३२.५. दुसऱ्या आठवड्यात बी-१ चा पेपर दिला: ऐकणं ८, वाचणं १९.५, लिहिणं १३, बोलणं ८.५. एकूण ४९.

हे ४९ बघून ती खूप वेळ गप्प बसली. मला मात्र त्या एकोणपन्नासपेक्षा त्यातली दरी महत्त्वाची वाटली, १९.५ आणि ८. वाचायला ती बी-१ च्या पुढे गेली होती आणि कान अजून ए-२ च्या दारात होते. तिची पातळी कोणती, या प्रश्नाला एक उत्तरच नव्हतं.

कोणते पर्याय होते

ऑफिसची मुदत चार महिन्यांवर होती, त्यामुळे सगळं त्या तारखेभोवती फिरत होतं.

एक, बी-२ ची बॅच चालू ठेवायची, माझ्याकडे फक्त परीक्षेची तयारी करायची आणि चार महिन्यांनी पेपर द्यायचा. डेल्फला खालची परीक्षा दिलेली असण्याची अट नसते, कोणीही थेट बी-२ ला बसू शकतं. हा ताईचा पहिला हट्ट होता.

दोन, डेल्फऐवजी टीसीएफ ही फ्रेंचची दुसरी परीक्षा द्यायची. तिच्यात पास-नापास नसतं, जी पातळी असेल ती कागदावर येते, आणि साध्या टीसीएफचा सक्तीचा भाग सगळा पर्यायी उत्तरांचा असतो, बोलणं-लिहिणं ऐच्छिक. तिच्या वाचण्याच्या आणि व्याकरणाच्या जोरावर आकडा जरा वर गेला असता. पण टीसीएफचा निकाल दोनच वर्षं चालतो, डेल्फ मात्र कायमचं, आणि ऑफिसात नंतर फ्रेंचमधून फोनवर इंटरव्ह्यू होणार होता तो कोणी तिच्या जागी दिला नसता. हा पर्याय आम्ही पाच मिनिटांत सोडला.

तीन, बी-२ ची बॅच सोडायची, मागे यायचं, कान आणि तोंड बी-१ ला आणायचं, बी-१ ची परीक्षा खरोखर द्यायची आणि मगच वर जायचं. यात चार महिन्यांची तारीख नक्की जाणार होती आणि बॅचची भरलेली फीसुद्धा, कारण इन्स्टिट्यूटने परत द्यायला नकार दिला होता.

पहिला निर्णय, आणि तो चुकला

मला तिसरा पर्याय बरोबर वाटत होता तरी मी पहिल्याला हो म्हणाले. ताईची धडपड बघून मला नाही म्हणवेना, आणि मनात असंही होतं की नमुना पेपर भराभर सोडवले तर निदान ५० पर्यंत ओढून नेऊ. सहा आठवडे आम्ही तेच केलं. पत्राचा साचा, सुरुवातीची वाक्यं, जोडशब्दांची यादी, पेपरवर पेपर.

सहा आठवड्यांनी लिहिणं ८ वरून १२ झालं. ऐकणं ४ वरून ४.५.

त्या दिवशी मी पेपर बाजूला ठेवला आणि तिला दोन मिनिटांची एक क्लिप ऐकवून म्हटलं, अर्थ जाऊ दे, जे ऐकू येतंय ते फक्त लिही. तिने लिहिलेल्यात ठिकठिकाणी रिकाम्या जागा होत्या. मग मी तिला छापील मजकूर दिला तर त्यातला एकही शब्द तिला नवा नव्हता! सगळे येत होते. ‘मला माहीत नाही’ हे पुस्तकात ‘झ न से पा’ असतं आणि बोलताना ‘शेपा’ होतं, ‘झ सुई’ चं ‘शुई’ होतं, ‘इल या’ चं नुसतं ‘या’. आपण नाही का ‘करतो आहेस’ लिहितो आणि ‘करतोयस’ बोलतो, तसंच. पुस्तकी मराठी शिकून आलेल्या माणसाला दादर स्टेशनवर ‘कुठं चाललायस’ कळणार नाही, तशी तिची गत होती. नमुना पेपर कितीही सोडवले असते तरी हे सुटलं नसतं, कारण पेपर मार्क मोजून देतो, कान तयार करून देत नाही.

दुसरा निर्णय

त्या संध्याकाळी मी तिला सरळ सांगितलं की आपण मागे जाऊया. तिला ते फार लागलं. म्हणाली, “मॅडम, मी पोराला काय सांगू? आई खालच्या वर्गात गेली?” मी म्हटलं, “अगं, खालच्या वर्गात तू जात नाहीयेस, तुझं वाचन आहे तिथेच राहणार, फक्त कानांना घेऊन यायला जातोय आपण.” तिने दोन दिवस मागितले. दोन दिवसांनी मेसेज आला की बॅच सोडली, आणि ऑफिसात सांगितलं की या वेळी अर्ज करत नाहीये. तो मेसेज करणं तिच्यासाठी किती कठीण होतं ते मला माहितीये.

काय काय केलं

पहिली गोष्ट ट्रेनची. ताईचा हिशोब असा होता की बोरिवली ते लोअर परळ जाऊन-येऊन रोजचे जवळपास दोन तास ती कानात फ्रेंच लावून बसते, म्हणजे महिन्याचे चाळीस-पन्नास तास ऐकणं होतंय. होत नव्हतं. लेडीज डब्यात सकाळच्या गर्दीत, वर पंख्याचा आवाज, खाली रुळांचा, बाजूला गप्पा, तिथे फ्रेंच शब्दांची शेपटं ऐकू येणं शक्यच नाही, आणि फ्रेंचमध्ये सगळी गंमत तर शब्द एकमेकांना जिथे चिकटतात तिथेच असते. ‘ले’ आणि ‘आमी’ मिळून ‘लेझामी’ होतं, आपल्या संधीसारखं, ते पंख्याच्या आवाजात कसं पकडणार? तिने दोन तास ऐकल्याचं समाधान मिळवलं होतं आणि घरी ऐकायचं सोडून दिलं होतं.

म्हणून ट्रेनमध्ये ऐकणं बंद. ट्रेनमध्ये वाचायचं, किंवा शब्दांच्या चिठ्ठ्या. ऐकायचं घरी, पहाटे पावणेसहा ते सव्वासहा, दार लावून. त्यासाठी सासूबाईंनी स्वतःहून डब्याची पहिली तयारी आपल्याकडे घेतली, कुकर साडेसहाच्या आधी लावायचा नाही असं ठरलं, आणि माझ्या मते या केसमधला सगळ्यात मोठा वाटा त्या अर्ध्या तासाचा आहे. ऐकायला फ्रान्सच्या आरएफआय रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं रोजचं बातमीपत्र, दहा मिनिटांचं असतं, पण त्यातली दोनच मिनिटं घ्यायची. एकदा नुसतं ऐकायचं, मग थांबवत थांबवत लिहायचं, मग छापील मजकुराशी ताडून चुकलेल्या जागांवर लाल पेन. पहिल्या आठवड्यात वही लालच लाल होती. लाल जागा कुठल्या आहेत ते दर शनिवारी आम्ही बघायचो, आणि त्या बहुतेक वेळा त्याच त्या असायच्या, गिळलेले स्वर, जोडलेले शब्द, आणि आकडे.

आकडे तिच्या कामाचे होते म्हणून त्यांच्यावर जास्त वेळ दिला. फ्रेंचमध्ये ७० म्हणजे साठ-दहा, ८० म्हणजे चार-वीस आणि ९२ म्हणजे चार-वीस-बारा, आणि बेल्जियमचा माणूस ७० आणि ९० ला वेगळेच सरळ शब्द वापरतो, सेप्तांत आणि नोनांत. तिने बिलांचे नंबर मला फ्रेंचमध्ये वाचून दाखवायचे, मी तिला. आपल्या पोरांना एकोणऐंशी आणि एकोणनव्वद जसे घोकून घोकून एकेक शब्द म्हणून बसतात, बेरीज करून नाही, तसेच हे बसवायचे होते. ९२ ऐकून डोक्यात चार गुणिले वीस केलं की पुढचे तीन आकडे निसटतात.

आता बोलण्याचं. हा भाग मला सगळ्यात आवडतो म्हणून जरा सविस्तर लिहिते. ताई बोलताना प्रत्येक वाक्याआधी थांबायची आणि मला बरेच दिवस वाटत होतं की घाबरते. एकदा विचारलं की थांबतेस तेव्हा डोक्यात काय चालतं, तर म्हणाली, इंग्लिश वाक्य बनवते. बारावीत फ्रेंच इंग्लिशमधून शिकली, इन्स्टिट्यूटमध्येही इंग्लिशमधून. म्हणजे मराठीत विचार, त्याचं इंग्लिश, त्याचं फ्रेंच, असा दादरला उतरून गाडी बदलण्यासारखा प्रवास. आणि गंमत अशी की कित्येक ठिकाणी मराठीहून फ्रेंचला सरळ गाडी आहे.

‘मी दहा वर्षांपासून बोरिवलीत राहते.’ मराठीत वर्तमानकाळ, फ्रेंचमध्येही ‘दप्वी’ (‘पासून’) लावून वर्तमानकाळच. इंग्लिशमधून गेलं की चुकायलाच होतं, आणि ती दर वेळी चुकत होती. ‘गेले’ आणि ‘जायचे’ यांच्यातला फरक आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही, एकदा घडलेलं आणि नेहमी घडायचं ते. पासे कॉंपोझे आणि अँपार्फे या फ्रेंचच्या दोन भूतकाळांत बराचसा हाच फरक आहे, तिला नियम पाठ होते पण वापरताना अडखळायची, ‘लहानपणी आम्ही मे महिन्यात गावाला जायचो आणि एकदा वाटेत गाडी बंद पडली’ हे एक वाक्य मी तिला दिलं आणि त्यानंतर तो प्रश्न फारसा आला नाही. ‘तू यावंस असं मला वाटतं’ मधला ‘यावंस’ म्हणजे जवळपास त्यांचा सुब्जोंक्तिफ, इच्छा-अपेक्षा सांगताना येणारं क्रियापदाचं रूप.

आणि सगळ्यात सुंदर ते खाल्ली-लिहिलीचं. ‘तिने आंबा खाल्ला, तिने पोळी खाल्ली’, क्रियापद कर्माकडे बघतं, पण ‘ती गेली, तो गेला’ मध्ये कर्त्याकडे. फ्रेंचमध्येही ‘एल ए आले’ म्हणजे ती गेली, तिथे जुळवणी कर्त्याशी. आणि ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ म्हणताना चिठ्ठी आधी आली की ‘एक्री’ (लिहिलेलं) चं ‘एक्रित’ होतं, कानाला ऐकू येईल असं, चिठ्ठी त्यांच्याकडेही स्त्रीलिंगी आहे म्हणून. हे सगळीकडे चालत नाही हेही तिला सांगितलं, ‘ती झोपली’ ला फ्रेंचमध्ये वेगळं सहायक क्रियापद लागतं, आणि कर्म नंतर आलं तर जुळवणी होतच नाही. पण मुद्दा नियमाचा नव्हता. आपल्या भाषेत हे असंच काहीतरी आहे हे कळल्यावर तिचा थांबा कमी झाला. इंग्लिशच्या वेळी तिचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा असायचा, तो निवळला.

पाच महिन्यांनी ती बी-१ च्या पेपरला बसली.

तिसरा निर्णय: बी-१ ची परीक्षा द्यायची की नाही

यावर आमचा थोडा वाद झाला होता. ताई म्हणत होती, ऑफिसला बी-१ चा उपयोग नाही, फी कशाला घालवायची, नमुना पेपरमध्ये ६८ येतायत ते पुरे आहे. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी आग्रह धरला कारण तिने आयुष्यात कधी अनोळखी परीक्षकासमोर फ्रेंच बोललेलं नव्हतं, माझ्यासमोरच बोललेलं. बी-१ च्या तोंडीत स्वतःबद्दल बोलणं असतं, एक प्रसंग परीक्षकासोबत वठवायचा असतो आणि छोट्या मजकुरावर मत सांगायचं असतं, सगळं मिळून पंधरा मिनिटं. बी-२ ला अर्धा तास तयारी देतात आणि मग वीस मिनिटं आपलं मत मांडून परीक्षकाशी वाद घालायचा. पहिल्यांदाच थेट त्या वादात तिला उभं करायला मी तयार नव्हते.

निकाल आला, ऐकणं १५, वाचणं २२, लिहिणं १८, बोलणं १६.५, एकूण ७१.५. तिने वहीत लिहिलेले तास मोजले तेव्हा सगळे मिळून ३६० च्या आसपास भरत होते. बी-१ च्या तासांचा वर दिलेला आकडा असा समोर आला तेव्हा तिलाच आश्चर्य वाटलं.

बी-१ ते बी-२

इथे वेगळीच अडचण आली आणि तिचा भाषेशी संबंध कमी होता. बी-२ च्या लिहिण्यात २५० शब्दांत एक बाजू घेऊन ती पटवायची असते. ताईचा प्रत्येक निबंध एकाच जागी संपायचा, दोन्ही बाजू आहेत, आपण कसा वापर करतो त्यावर अवलंबून. आपण सगळे ‘विज्ञान: शाप की वरदान’ लिहीत मोठे झालो, चार फायदे, चार तोटे, आणि शेवटी तराजू सरळ. शाळेत त्याला पूर्ण मार्क मिळायचे. डेल्फमध्ये परीक्षक विचारतो, तुमचं म्हणणं काय? तोंडीतही तेच, परीक्षकाने विरुद्ध मुद्दा काढला की ताई लगेच “हो, तेही बरोबर आहे” म्हणून मोकळी. मोठ्यांशी वाद घालू नये हे इतकं मुरलेलं की फ्रेंचमध्येही सुटेना.

मग आम्ही विषय तिच्या रागाचे निवडले. एसी लोकल वाढवल्या तर साध्या गाड्या कमी कराव्यात का? सोसायटीने रिडेव्हलपमेंटला द्यावं का? यावर तिचं मत होतं आणि पक्कं होतं. आधी मराठीत भांडायचं माझ्याशी, मनापासून, मग तेच फ्रेंचमध्ये, आणि माझा मुद्दा मान्य करायचा असेल तर करायचा पण लगेच ‘तरीसुद्धा’ म्हणून परत आपल्या जागेवर यायचं. हे जमायला चार महिने लागले. पहाटेचं ऐकणं चालूच होतं, सोप्या बातम्यांवरून साध्या वेगाच्या मुलाखतींवर आलो, आणि एकदाच ऐकून लिहायचा सराव वाढवला, कारण बी-१ ला सगळं दोनदा ऐकवतात, बी-२ ला काही भाग एकदाच.

बी-१ नंतर अकरा महिन्यांनी तिने बी-२ दिली.

निकाल

ऐकणं ९.५, वाचणं १८, लिहिणं १५.५, बोलणं १४. एकूण ५७. पास. तास ६०० च्या थोडे वर.

पण ऑफिसची ती पहिली जागा केव्हाच भरली होती, ती बाहेरून आलेल्या एका मुलीला मिळाली. ताईने पुढच्या वेळी अर्ज केला, फोनवरचा इंटरव्ह्यू झाला, त्यात बेल्जियमच्या माणसाने नोनांत म्हटलेलं तिला पहिल्या फटक्यात कळलं हे तिने मला फोन करून सांगितलं. टीममध्ये घेतलं तिला, पण ईमेलच्या कामावर, फोनच्या नाही. ऐकण्यातले ९.५ तिथे दिसले असणार, आणि खरं बोलायचं तर ते बरोबरच होतं. पगार वाढला पण तिने धरला होता तेवढा नाही.

वेगळं काय करता आलं असतं

ते सहा आठवडे. ती चूक माझी होती. दोन्ही पेपरांचे मार्क समोर असताना मी तारखेकडे बघून निर्णय घेतला. आता मी कोणालाही पहिल्याच भेटीत ऐकून-लिहायला लावते, दहा मिनिटांत कळतं की शब्द कमी आहेत की कान. दोन्हीचे उपाय वेगळे आहेत आणि बी-२ च्या नमुना पेपरमध्ये दोन्हीचे मार्क सारखेच कमी येतात.

ए-१ गाळणं. तेव्हा तिने तोंडी प्लेसमेंट मागायला हवी होती, नुसतं पाच मिनिटं कोणी तिच्याशी बोललं असतं तरी पुरलं असतं. मी हे प्रत्येकाला सांगते, विशेषतः ज्यांच्या बारावीला नव्वदच्या वर आहेत त्यांना, कारण त्यांनाच वर टाकतात. ए-१ मध्ये जे उच्चार आणि जोडणी कानावर पडते ते पुढे तितकं सावकाश परत फारसं येत नाही.

मराठीतून शिकवणं मी खूप उशिरा सुरू केलं, हेही माझ्याकडेच जातं. वर्गात गुजराती, तमिळ मुलं असतात म्हणून मला इंग्लिशची सवय लागलेली, पण ताई एकटी यायची, तिच्याशी पहिल्या दिवसापासून मराठीतून बोलता आलं असतं.

बी-१ ची परीक्षा द्यायला लावली ती बरोबरच होती असं मला अजूनही वाटतं. ताईचं मत अजून तेच आहे की ती फी वाचवता आली असती. यावर ती आता फ्रेंचमध्ये माझ्याशी वाद घालते आणि ‘तरीसुद्धा’ म्हणून आपल्या जागेवर परत येते.

बी-१ नंतर ऐकण्याचा वेळ पाऊण तास करायला हवा होता, अर्ध्यावरच ठेवला. आत्ता तिने स्वतःच तो वाढवलाय, फोनच्या कामावर जायचंय म्हणून. परवा विचारत होती सी-१ ला किती लागतील. मी सांगितलं, शून्यापासून धरले तर ८१० ते ९५०, तुझे सहाशे झालेत. तिने वही काढली आणि तारीख न टाकता फक्त तो आकडा लिहिला.